अर्जाची तिसरी प्रत

औसा रोडवरच्या एका नव्या इंग्रजी शाळेला प्राथमिकसाठी एक शिक्षिका हवी होती. अर्ज इंग्रजीत आणि स्वहस्ताक्षरात. ही जाहिरात मी मोबाईलवर वाचली आणि आनंद व्हायच्या आत मनात पहिला विचार आला, खालच्या राजकन्येनं ही पाहिली असेल का?

राजकन्या मूळची मुखेडची. आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर दोनमध्ये राहते. माझ्यासारखीच बी.एड., माझ्यासारखीच चार वर्षं घरात, आणि तिची मुलगी माझ्या मुलीएवढीच. आमच्याकडची डाळ संपली की मी आधी तिच्याकडे जाते, मग दुकानात. पण जागा एकच होती. म्हणून मी ठरवलं, अर्ज टाकेपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही.

तिच्यावर मी नजर ठेवली. (जिन्यात उभं राहून आठ दिवस कोथिंबीर निवडली. एवढी कोथिंबीर आमच्या घरात लग्नालाही लागली नव्हती.) बुधवारी तिनं इस्त्रीला दोन कॉटनच्या साड्या दिल्या. गुरुवारी येऊन इंग्रजी डिक्शनरी मागून नेली. कशाला, तर म्हणे पोरीला चित्रं दाखवायला. त्या डिक्शनरीत चित्र नावाला नाही. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तिनं विचारलं असतं, तुझ्या बोटाला शाई कशाची?

आता अर्ज. मी इंग्रजी वाचते, समजते, मुलीला कविता शिकवते. पण कागदावर लिहायला बसले की प्रत्येक शब्दाचा संशय येतो. 'चार वर्षं घरी होते' हे इंग्रजीत लिहिलं तर वाटायला लागलं, पोलिसांनी मला घरात डांबून ठेवलं होतं. नवरा अनिमेष नांदेडला नोकरीला, शनिवारी घरी येतो. त्याला दाखवलं तर म्हणाला, "मस्त लिहिलंय." कागद उलटा धरला होता.

सगळ्यात मोठी काळजी दुसरीच. शाळा विचारणार, लहान मूल आहे, मग सांभाळणार कोण? अनिमेष नांदेडला, सासूबाई नाहीत, आणि सासऱ्यांना आमच्या मुलीनं भिंतीवर काढलेली मांजर पुसण्यापलीकडे काही जमत नाही. तेव्हा मी धीर करून लिहून टाकलं, की माझ्या शेजारी सौ. राजकन्या, फ्लॅट नंबर दोन, माझ्या मुलीला पोटच्या पोरीसारखं सांभाळतात. राजकन्येला यातलं अर्थातच काही माहीत नव्हतं. विचार केला, नोकरी लागली की साडी घेऊन जाऊ आणि सांगू.

हा कच्चा कागद सासऱ्यांच्या हाती लागला. मामंजी, म्हणजे वसंतराव, पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेतून वरिष्ठ लिपिक म्हणून रिटायर झाले. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज वाचले. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढला आणि विचारलं, "यात बेग कुठंय?"

मी म्हटलं, "कसला बेग?"

"आय बेग टू स्टेट. त्याच्याशिवाय अर्ज पुढं सरकत नसतो."

"मामंजी, नोकरी मागायलेय मी, भीक नाही."

"भीक मागायची नसते. लिहायची असते."

मग त्यांनी विषय घातला, संदर्भ घातला, सोबत जोडलेल्या कागदांची यादी घातली. घरातल्या जुन्या वहीला जावक रजिस्टर केलं आणि माझ्या अर्जाला जावक क्रमांक एक दिला. जुन्या ट्रंकेतून कार्बन पेपर निघाले. एकदम तीन प्रती, दाबून लिही म्हणाले. मूळ प्रत शाळेला, एक आपल्या दप्तराला, एक संबंधितांना माहितीसाठी. संबंधित म्हणजे असेल कुणीतरी शिक्षणाधिकारी, असं समजून मी दाबून लिहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीवर कोण शंका घेणार? (मामंजी सोडून बाकी सगळ्यांवर मी घेत होते.)

मामंजी स्कूटीवरून शाळेत गेले, शिक्का मारून पोच घेऊन आले. मी निर्धास्त झाले. दुपारी दारात राजकन्या उभी. हातात निळ्या कार्बनची प्रत.

तिनं आत येऊन पंखा लावला, खुर्ची ओढली आणि अगदी हळू विचारलं, "देविका, ही पोरगी मी कवापासून सांभाळायलेय?"

मी मामंजींकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "अर्जात ज्याचं नाव येतं त्याला प्रत द्यावी लागते. तिची सही घेतलीय मी."

मैत्री गेली, डाळ गेली, नोकरीही गेली, असं सगळं एकदम वाटलं. राजकन्येनं कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "तू माझं नाव दिलंस ते दिलंस. मी बी माझ्या अर्जात तुझंच दिलंय."

म्हणजे तिनंही अर्ज केला होता. म्हणजे साड्यांवरचा माझा संशय खरा होता. पण खरा ठरूनही काही बरं वाटलं नाही. आता शाळेच्या टेबलावर दोन अर्ज होते, आणि दोघीही एकमेकींची पोरगी सांभाळत होत्या.

तिसऱ्या दिवशी दोघींनाही बोलावणं आलं. कागदपत्रं नीट लावली असावीत म्हणून मामंजीही सोबत आले. प्राचार्या चंद्रप्रभा मॅडमनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, की तुमच्यातली एक इथं शिकवायला आली तर दुसरी दोन्ही मुली सांभाळणार, असं धरायचं का? आम्ही दोघींनी एकदम मान हलवली. एवढी एकी आमच्यात आठ दिवसांत पहिल्यांदाच दिसली.

मॅडमचं लक्ष मात्र माझ्या अर्जावर खिळलं होतं. समास, संदर्भ, जावक क्रमांक, सहपत्रं. हा कुणी तयार केला, म्हणाल्या. मला वाटलं, आता झालंच काम. मी अभिमानानं मामंजींकडे बोट केलं. पुढच्या महिन्यात शाळेची तपासणी होती आणि ऑफिसात एकही कागद जागेवर नव्हता. मॅडमनी मामंजींना चहा मागवला. आम्हाला नाही.

सोमवारी मामंजी शाळेच्या कार्यालयात रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर शिक्षिकेच्या जागेचे अर्ज आले, टिपणी लिहून मॅडमपुढं ठेवण्यासाठी. राजकन्येच्या अर्जावर त्यांनी लिहिलं, उमेदवार पात्र. माझ्या अर्जावर लिहिलं, उमेदवार पात्र. तथापि उमेदवार ही निम्नस्वाक्षरीकर्त्याची सून असल्याने, कोणालाही संशयास जागा राहू नये म्हणून अर्ज दप्तरी दाखल करावा.

मॅडमनी टिपणीप्रमाणे सही केली आणि माझा अर्ज कपाटात गेला.

आता रोज सकाळी मामंजी आणि राजकन्या एकाच स्कूटीवर शाळेला जातात. मी दोन्ही मुलींना खिडकीत उभं करून टाटा करायला लावते.