बाबांच्या घशातली खडखड

लेकीला फोन करायला काहीतरी निमित्त हवं, एवढ्याच हेतूने हेडक्लार्कसाहेबांनी आपल्या ठणठणीत गाडीला एक आवाज चिकटवून दिला.

लेक दूरच्या विद्यापीठात ऑटोमोबाइल इंजिनिअरिंग शिकत होती. आईशी ती तासन्‌तास बोले. बाबांनी फोन घेतला, की "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." इथे गाडं अडे. तिच्या रिकाम्या खोलीत साहेब रोज एक चक्कर मारत, पण 'आठवण येते' हे शब्द काही केल्या तोंडातून फुटत नसत. (ऑफिसात मात्र ते एका रजेच्या अर्जावर पाऊण तास बोलत.)

"गाडी आवाज करतेय गं," ते एकदा म्हणाले, आणि लेक एकदम खुलली.

"कसा? काढून दाखवा ना!"

साहेबांनी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून काढला. "खर्रर्र... टक्!"

"इंजिन थंड असताना, की तापल्यावर?"

"दोन्ही वेळा," साहेबांनी ठोकून दिलं.

त्या दिवशी गप्पा अशा रंगल्या, की साहेबांना चटकच लागली. कधी शिट्टी, कधी घरघर. बाथरूममध्ये सराव चाले. बायको दारावर थाप मारून विचारी, "अहो, बरं वाटत नाहीये का?"

शेवटी भरात येऊन त्यांनी असा काही भयानक आवाज काढला, की लेक ओरडलीच, "बाबा, गाडीला हात लावू नका! मी सुट्टी काढून येतेय!"

आली. साहेब दारात हात पसरून उभे; ती त्यांच्या बगलेखालून पाने-पक्कड घेऊन थेट गाडीपाशी. गाडी गुणी बाळासारखी चालली. "मला बघून आवाज दबा धरून बसलाय," म्हणत ती गाडीखाली शिरली, ती तिथलीच झाली. साहेब चहा घेऊन जात, तर बोलायला समोर नुसते पाय. पोरगी घरी आली आणि आपल्या वाट्याला आले ते तळवे, या विचाराने त्यांना भरून आलं.

जाण्याच्या दिवशी गाडीखालून रडवेला आवाज आला. "काहीच सापडत नाही, बाबा. मला हे जमणारच नाही. सोडूनच देते हे शिक्षण."

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते आडवे झाले आणि सरपटत तिच्याशेजारी गेले.

"अगं, गाडीत काही नाहीच. आवाज माझे होते."

"तुमचे? का?"

"आठवण यायची तुझी."

तिने हातातला पाना खाली ठेवला. मग काळ्या हातानेच तिने त्यांचा हात धरला. "मलाही यायची. तुमचे सगळे आवाज रेकॉर्ड केलेत मी. शेवटी दमून खोकता ना, तेवढं ऐकते, करमेनासं झालं की."

साहेबांचे डोळे पाणावले. "खरंच?"

"हो. एकदा सरांनाही ऐकवले. सगळ्या वर्गासमोर."

"काय म्हणाले?"

तिने हसू दाबलं.

"म्हणाले, आता दुरुस्तीत अर्थ नाही, भंगारात काढा."