प्रॉसरसाहेबांची भुवई

सोमवारी सकाळी माळी गेथिन प्यू उंच झाडं छाटायच्या यंत्राच्या पाळण्यातून खाली उतरला, तेव्हा ब्रिनवेन किल्ल्याची व्यवस्थापिका लोरी वॉन कठड्याला टेकून त्याचीच वाट बघत होती. तिच्या हातातला चहा केव्हाच निवला होता, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं.

"गेथिन, इकडे ये. माझ्या शेजारी उभा राहा. आता झाडांकडे बघ आणि सांग, कोण दिसतंय?"

किल्ल्याच्या उतारावर यू नावाच्या सदाहरित, दाट झाडांची तीनशे वर्षांची भिंत आहे. तिला सरळ कापायचं आजवर कुणाला जमलं नाही, म्हणून ती जशी फुगली तशीच दर शरदात कापली जाते. त्या फुगवट्यांत लोकांना कधी हत्ती दिसतो, कधी मेंढी. त्या दिवशी मात्र मधल्या फुगवट्याला नाक होतं, नाकाखाली घट्ट मिटलेले ओठ होते आणि वर एक भुवई.

"प्रॉसरसाहेब," गेथिन म्हणाला, आणि नकळत त्याने डोक्यावरची टोपी काढली.

इदवल प्रॉसर म्हणजे इथले मुख्य माळी. फेब्रुवारीत गेले. त्यांच्या हाताखाली गेथिनने बावीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात दोनच वाक्यं ऐकली, 'अजून थोडं' आणि 'कातर पुसून ठेव'. 'बरं झालंय' हे शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत. ते गेले तेव्हा गेथिन खरंच रडला. पण दफनाहून घरी परतताना त्याला मान हलकी वाटली, हेही तितकंच खरं. मागे उभं राहून बघणारं आता कुणी नव्हतं. मुख्य माळ्याची जागा त्यालाच मिळाली होती, पण ऑक्टोबरअखेरपर्यंतच; पुढचं काम बघून ठरणार होतं.

"शनिवारी त्यांच्या नावाचा बाक उघडायचाय," लोरी म्हणाली. "त्यांच्या बायकोच्या हस्ते. आणि बाक कुठे आहे? बरोब्बर समोर! म्हातारी बिचारी कापड ओढणार, मान वर करणार, आणि नवरा पुढ्यात डोळे वटारून उभा. तिथल्या तिथे काही झालं बाईंना, तर? शनिवारच्या आत हा चेहरा गेला पाहिजे. नाहीतर मला दुसरा माळी बघावा लागेल, गेथिन. वाईट वाटून घेऊ नकोस."

आता, पाळण्यात उभ्या असलेल्या माणसाला नाकासमोरच्या पानांपलीकडे काही दिसत नाही. म्हणून एकजण खाली उभा राहून ओरडतो आणि वरचा कापतो. खाली उभं राहायचं हे काम मदतनीस अॅलेड प्रॉसरसाहेबांच्या काळापासून करत आला होता.

मंगळवारी गेथिनने नाक छाटलं. "गेलं का रे?" त्याने वरून विचारलं.

"गेलं. पण नाक बारीक झालं तसे डोळे मोठे दिसायला लागलेत. आता जास्तच चिडलेत बघ."

बुधवारी त्याने भुवई उतरवली, तर दुसरी वर चढली. एक जोडपं लेकराला घेऊन बाग बघायला आलं होतं. "अहो, मघाशी हा खाली दरीकडे बघत होता ना?" बाईने नवऱ्याला विचारलं. नवरा हसला, फोटो काढायला त्याने फोन वर धरला, आणि न काढताच खिशात ठेवला. खालची बाग न बघता दोघं चहाच्या खोलीकडे गेली. अॅलेडने आणखी एक गोष्ट पाहिली होती. संध्याकाळी त्या झाडांत पाखरांचा एवढा कलकलाट असतो, पण मधल्या फुगवट्यात आता एकही पाखरू उतरत नव्हतं. हे त्याने गेथिनला सांगायला नको होतं, पण अॅलेडच्या पोटात काही राहत नाही.

गेथिन भ्याला होता. त्याची मान पुन्हा जड झाली होती.

गुरुवारी दुपारी तो वर असतानाच नदीवरून धुकं चढलं. आधी बाक गेला, मग अॅलेड, मग पाळण्याचा दांडा. गेथिन खाली उतरणार, एवढ्यात खालून आवाज आला.

"डावीकडे."

धुक्यात आवाज बाईचा की बाप्याचा तेही कळत नाही. अॅलेडला सर्दी झाली असेल, असं म्हणून त्याने डावीकडे कापलं.

"अजून थोडं. तिथे थांब. ते राहू दे. राहू दे म्हटलं ना! बावीस वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"

"अरे, कापतोय की!" गेथिन वैतागून म्हणाला. पण हात सांगितलं तसा चालत राहिला, आणि गंमत म्हणजे आठवड्यात पहिल्यांदाच तो न थरथरता चालत होता. तासाभराने आवाज थांबला. गारठलेला गेथिन खाली उतरला, कातर खोपटात टांगली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि घर गाठलं.

शुक्रवारी सकाळी लखलखीत ऊन पडलं होतं. भिंतीवर प्रॉसरसाहेब होते. अगदी हनुवटीवरच्या मसासकट.

"अॅलेड! काल काय काय सांगत होतास मला?"

"मी? काल?" अॅलेडने तोंडातला मनुकांचा पाव गिळला. "धुकं आलं तसा मी चहाला गेलो. तुला हाक मारली की! अरे, खाली मला माझे बूट दिसत नव्हते, तुझी भुवई कुठून दिसणार?"

गेथिन पायरीवर मटकन बसला. आता कापायलाही काही उरलं नव्हतं. आणखी आत गेलं की नुसतं लाकूड लागलं असतं, आणि तिथे पान फुटायला वर्षं जातात. नोकरी गेली, हे त्याने बायकोला त्याच रात्री सांगून टाकलं.

शनिवारी प्रॉसरबाई काळा कोट घालून आल्या. लोरी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या मागे, अॅलेड खुर्ची घेऊन लोरीच्या मागे, आणि गेथिन सगळ्यांच्या मागे. बाईंनी कापड ओढलं, बाकावरचं नाव वाचलं आणि मान वर केली.

"हं," बाई म्हणाल्या. "भुवई जमली."

"बाई, बसता का?" लोरीने घाबरत विचारलं.

"मला काय धाड भरलीय? गुरुवारी बाक बघायला आले, तर हा वर आणि खाली कुणी नाही. मग मीच ओरडले तासभर. घसा बसलाय माझा."

अॅलेड फिस्सकन हसला. लोरी तर इतकी हसली की पेल्यातलं पाणी सांडलं. "म्हणजे तुम्हाला आवडलं! मग हा चेहरा आता हलवायचा नाही. दरवर्षी अस्साच कापायचा. गेथिन, जागा तुझी, कायमची. दुसऱ्या कुणाला हे जमणार आहे का?"

ज्या नजरेतून सुटलो म्हणून हायसं वाटलं होतं, तिच्याचसमोर आता जन्म काढायचा होता. पण गेथिनला वेगळंच काही खुपत होतं.

"पण प्रॉसरबाई, त्या धुक्यात तुम्हाला वरचं दिसलं कसं?"

"मला कुठलं दिसतंय? तो सांगत होता, ते मी मोठ्याने सांगत होते. शेवटी शेवटी आवाज बसला होता ना त्याचा. फेब्रुवारीपासून तर फारच हळू बोलतो."

आता कुणी हसलं नाही. लोरीने उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. गेथिनने टोपी काढली आणि शाळेतल्या पोरासारखं हळूच विचारलं, "बाई... काम कसं झालंय, काही म्हणाले का?"

बाईंनी भिंतीकडे कान केला.

"बरं झालंय म्हणतोय."

बावीस वर्षं. गेथिनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

"आणि गुरुवारी कातर ओलीच टांगलीस म्हणतोय."

खोपटाची किल्ली गुरुवारपासून गेथिनच्याच खिशात होती. त्याने टोपी डोक्यावर घातली, भिंतीकडे न बघता "हो साहेब" म्हटलं, आणि फडकं शोधायला खाली निघाला.