देवू तांडेलाचे जहाज

तारापूरजवळच्या एका खाडीत मोठी जहाजे येणार, असे कचेरीत ठरले. जहाजांना मात्र हे कुणी कळवले नव्हते. परदेशात म्हणे लोखंडी पेट्यांनी भरलेली गावाएवढाली जहाजे फिरू लागली होती. ती वाट चुकून इकडे आली आणि धक्का ठेंगणा निघाला, तर देशाची अब्रू कुठे राहणार? म्हणून धक्का दोन पुरुष उंच करण्यात आला.

त्यामुळे देवू तांडेलाची पंचाईत झाली. पाम गावचे गवत मचव्यात भरून मुंबईला न्यायचे, हा त्याच्या घराचा पिढीजात धंदा. आता ओहोटीला मचवा पाताळात आणि धक्का आभाळात. तो गाऱ्हाणे घेऊन गेला, तेव्हा बंदर-अधिकारी चित्रेसाहेबांनी शांतपणे सांगितले, की धक्क्यात दोष नाही, मचवा बुटका आहे.

देवूला ते पटले. साहेबाचा शब्द आणि सासऱ्याचे आमंत्रण त्याला कधी मोडवत नसे. त्याने फळ्या ठोकून मचवा उंच केला. तोवर हुकूम निघाला, की साठ हातांहून आखूड नौकांनी धक्क्याला दोर बांधू नये. देवूने परसातला साग पाडून मचवा लांबवला. वाडीने नाळेवर, म्हणजे पुढल्या टोकावर, नारळ फोडला, ‘देवूचं जहाज’ म्हणून कौतुक केले. तेव्हापासून तो बायकोशीही वरूनच बोलू लागला.

“समदं खरं,” भागी म्हणाली, “पन आपल्याला मुंबईला जायाचं हाय. धक्का धरून बसायचं नाय.”

मोठ्या नौकेला खोल पाणी हवे, म्हणून कचेरीने धक्क्यालगतचा गाळ उपसला आणि खाडीच्या मुखाशी नेऊन टाकला. मुख साहेबांच्या हद्दीबाहेर होते. आता ऐन भरतीलाही देवूचे जहाज बाहेर पडेना. जुना मचवा सहज निसटला असता, पण तो याच जहाजाच्या पोटात गेला होता.

“सायेब, गवत कुजाया लागलं,” देवू रडकुंडीला येऊन म्हणाला. “आमी खावं काय?”

“बंदरात मोठं जहाज उभं आहे,” साहेब हरखून म्हणाले, “आणि तू खाण्याचं काय काढतोस?”

उद्घाटन थाटात झाले. वर्तमानपत्रात फोटो आला: उंच धक्का, त्याला लागलेले भले थोरले जहाज. कडेला कुजके भारे उपसणारी भागी होती, तिला छापण्याआधी कातरून टाकले.

तो फोटो तुम्हीही पाहिलात. छाती फुगली, चहा गोड लागला. ते जहाज सुटणार कधी, हे विचारायचे मात्र तुमच्याही मनात आले नाही.