सासूबाईंच्या कपाटातला सगळ्यात सुंदर किमोनो

"भाड्याचा किमोनो? आपण काय परगावचे पाहुणे आहोत?" ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत किवाको एवढ्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या टेबलावरचे दोघे घास तोंडात धरून बघत राहिले. "मी नेसवते तुम्हां दोघींना! क्लास केलाय मी!"

क्लास तिने खरंच केला होता. आठातले तीन दिवस. पहिल्या दिवशी दाढ दुखत होती म्हणून गेली नाही, आणि पुढे चार दिवस दाढ दुखत नव्हती तरी गेली नाही. पण फी भरली होती, तेव्हा क्लास झालाच की!

खरी गोष्ट निराळी होती. सासूबाईंकडे, म्हणजे हिसानोबाईंकडे, किमोनोंचं एक खणाखणांचं लाकडी कपाट होतं. त्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. या ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत सगळे घरी जमले असताना त्यांनी जाहीर करून टाकलं, "मासायो किंवा किवाको. जिला नेसायची अक्कल, तिला कपाट." मासायो म्हणजे किवाकोची नणंद. ती आरशात न बघता पाठीमागे पट्ट्याची गाठ मारते आणि वर त्याच वेळी फोनवर बोलते. आता अशा बाईशी कुणी सामना करायचा? पण किवाकोला ते कपाट हवं होतं. त्याहून जास्त, सासूबाईंनी ते आपल्याला द्यावं, असं तिला वाटत होतं.

त्यात सासूबाई ज्येष्ठ महिला क्लबाबरोबर दोन दिवस चिचिबूला गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाल्या. किवाकोने बेत ठरवला. शनिवारी तिघींनी किमोनो नेसून कावागोएच्या जुन्या पेठेत हिंडायचं, झकास फोटो काढायचे आणि सासूबाई आल्या की समोर ठेवायचे.

"त्यांना विचारलंस का?" मिझुएने विचारलं. दोघी मैत्रिणींतली मिझुए स्वभावाने भित्री.

"विचारायचं काय? आश्चर्याचा धक्का द्यायचाय!"

"बसेल बसेल, धक्का बसेल," तामाकी म्हणाली. ही मुळीच भित्री नव्हती.

शनिवारी सकाळी किवाकोने कपाट उघडलं. मिझुएला राखाडी किमोनो दिला, तामाकीला तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचा.

"मी यात पोत्यासारखी दिसतेय," तामाकी म्हणाली.

"सौम्य रंग तुला शोभतात गं!"

आणि स्वतःसाठी? स्वतःसाठी तिने सगळ्यात खालचा खण ओढला, कागदाची घडी उलगडली. शेंदरी रेशीम! त्यावर लाटांवरून उड्या मारणारे पांढरे ससे! एवढी सुंदर वस्तू सासूबाईंनी तळाशी का दडपून ठेवावी? मासायो वन्संसाठी, दुसरं काय! किवाकोला असा राग आला, की तिने तो लगेच अंगावर चढवला. आणि काय सोय होती म्हणता! पांढरी कॉलर आधीच शिवलेली. उंचीही अशी बेतशीर, की कमरेशी घडी घालायची भानगडच नाही. जुन्या बायका हुशार!

"जरा पातळ नाही का वाटत?" मिझुएने हळूच विचारलं.

"उंची रेशीम आहे. पातळच असतं ते."

पेठेत पाऊल टाकलं मात्र, लोक बघायला लागले. मिझुए-तामाकीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, सगळ्यांच्या नजरा किवाकोवर. घंटाघराखाली दोन आजोबांनी तिला पाहिलं आणि माना खाली घातल्या. "किती अदब!" किवाको म्हणाली. शाळेच्या मुली तोंडावर हात ठेवून पळाल्या. "लाजल्या बिचाऱ्या!" रताळ्याच्या वड्या विकणारी बाई वड्या बांधायच्या विसरून गेली आणि मग नको नको म्हणताना तिने चार जास्त बांधून दिल्या. किवाकोची मान इंचाइंचाने वर चालली होती.

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ वाकून नमस्कार करत समोर आला. "मी वर्तमानपत्राकडून आलोय. किमोनोतल्या मैत्रिणींचा फोटो हवा होता. काढू का?"

"काढा ना!" किवाको दोघींच्या पुढे येऊन, पाठीवरची गाठही दिसेल अशी जरा वळून उभी राहिली. बाही पसरून धरली, म्हणजे ससे नीट दिसतील.

"फारच वेगळा आहे हो हा. घरचा?"

"माझ्या सासूबाईंचा! हिसानो कुरामोची. नाव लिहून घ्या. आणि मी त्यांची सून, किवाको. त्यांचं सगळं मीच पुढे चालवणार आहे!"

गृहस्थाने बिचाऱ्याने सगळं लिहून घेतलं. अक्षरं बरोबर आहेत ना, हेही किवाकोने वाकून तपासलं.

मग तिघी एका चहाच्या दुकानात टेकल्या. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. चहा ठेवायला आल्या, किवाकोकडे बघितलं, चहा घेऊन परत गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी तिच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि कानाशी लागल्या.

"पोरी, रागावू नकोस. वरचा किमोनो कुठे काढून ठेवलास का?"

"वरचा? हाच की वरचा!"

"हा नागाजुबान आहे गं बाई. आत घालायचा झगा."

"पण आतले झगे पांढरे असतात!"

"हल्लीचे. आमच्या वेळी बाहेरून साधं आणि आतून असं रंगीत, ही हौस होती."

किवाकोच्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. म्हणजे नुसत्या परकरावर अख्खी पेठ हिंडून आलो आपण! त्या आजोबांच्या खाली गेलेल्या माना, त्या पळालेल्या मुली, त्या चार जास्तीच्या वड्या, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. पायाखालची चटई उचलून तिच्याखाली शिरावं, असं तिला वाटलं.

"तरी मी म्हणत होते, पातळ आहे," मिझुए म्हणाली.

"फोटो!" किवाको किंचाळली.

मालकीणबाईंनी खुंटीवरचा दुकानाचा निळा डगला तिच्या अंगावर टाकला. पाठीवर मोठमोठ्या अक्षरांत 'रताळ्याचे ताजे लाडू'. तशीच ती रस्त्यावर धावत सुटली. मागे मिझुए, तिच्या मागे पोतं सावरत तामाकी!

"अहो बाई, लाडू कुठे मिळतील?" एका कुटुंबाने अडवलं.

"तिकडे! मागे! सोडा मला!"

"चाखायला नाहीत का?"

तो गृहस्थ थेट स्टेशनजवळ सापडला. आईस्क्रीम खात होता. किवाकोने कमरेत एवढं वाकून विनवलं, की डगला डोक्यावर आला.

"तो फोटो कृपा करून छापू नका!"

"अहो, असं काय करता? केव्हाच पाठवलासुद्धा!" तो आनंदाने म्हणाला. "साहेबांना फार आवडला. ससे किती स्पष्ट आलेत म्हणाले!"

रविवारी दुपारी सासूबाई आल्या. दारात चपला सरळ लावल्या, आत येऊन बसल्या, पिशवीतून चिचिबूच्या मिठाईचा डबा काढला आणि त्याखालून वर्तमानपत्र. अर्ध्या पानावर किवाको हसत होती. खाली सासू-सुनेची नावं छापलेली, एकही चूक नव्हती.

"आमच्या क्लबात चौतीस जणी आहेत," त्या म्हणाल्या. "हॉटेलात पेपर मात्र एकच. त्यामुळे निघायला उशीर झाला."

किवाकोने कपाळ चटईला टेकवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "आई, माझं चुकलं. न विचारता हात लावला. कपाट वन्संनाच द्या."

"तिलाच देणारेय. सकाळीच फोन केला."

मग त्या उठल्या, खालचा खण ओढून त्यांनी तो शेंदरी झगा काढला आणि किवाकोच्या पुढ्यात ठेवला. "हा मात्र तू घे."

किवाकोचे डोळे भरून आले. "आई! एवढा सुंदर! मला?"

"मग काय करू? चाळीस वर्षं हा मी करड्या किमोनोच्या आत घालून हिंडले. लग्नकार्यात, शाळेच्या सभांना, बँकेत. वरून बघणाऱ्याला मी साधी, गरीब बाई. आत ससे उड्या मारताहेत, हे फक्त मला माहीत. सगळी मजा त्यातच होती गं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आता अख्ख्या जिल्ह्याला माहीत झालं. मी घालून काय करू?"

किवाकोला हुंदका आवरेना. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे फार वाईट होतं. आपण एका म्हातारीची चाळीस वर्षांची गंमत बाही पसरून गावाला दाखवली!

सासूबाईंनाही बहुधा तिची दया आली. त्यांनी चष्मा लावून फोटो पुन्हा एकदा निरखून पाहिला.

"पट्टा मात्र छान बांधलायस," त्या म्हणाल्या. "खरंच. अशी गाठ मासायोलाही जमत नाही. परत एकदा विचार करायला हरकत नाही कपाटाचा."

किवाकोने मान वर केली. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"आई," ती म्हणाली, "तो तामाकीने बांधलाय."