रिपोर्ट नॉर्मल, म्हातारी गारठलेली

मी ढोंग करत नाही, हे मी भर मे महिन्यात अख्ख्या गल्लीसमोर सिद्ध करून दाखवलं आहे. तेही झोपेत! आहे कोणाची हिंमत?

त्याचं असं झालं. मला थायरॉइड. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, अधूनमधून रक्त तपासून घेते, आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. पण अंग त्या रिपोर्टाशी कट्टी करून बसलेलं! केस डोक्यावर कमी, कंगव्यात जास्त. चार पोळ्या लाटल्या की वाटतं, लग्नाचा स्वयंपाक उरकला. आणि थंडी! बाहेर डांबर वितळतंय आणि मी स्वेटरात!

पूर्वी बरं होतं. लग्न होऊन जबलपूरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा खिडकीला खसची, म्हणजे वाळ्याची ताटी असायची. गार वाटलं की तिच्यावर पाणी मारणं थांबवायचं, संपलं. आता बैठकीत विमानासारखा घरघरणारा कूलर आहे, आणि त्याचं तोंड बरोबर माझ्या दिवाणाकडे!

"आई, तुम्ही काहून स्वेटर घालून राहिल्या?" सून सुखदा रोज वैतागायची. "लोक म्हणतील, सासूला ताप आहे न सून पाहत नाही!"

"थंडी वाजते गं. कूलर बंद कर ना जरा."

"पण रिपोर्ट तर नॉर्मल आहे!"

नात स्वानंदी वरून फोडणी घालायची, "आजी, तुम्हारा रिपोर्ट तो मेरी मार्कशीट से अच्छा है!"

मुलगा श्रीरंग कूलरसमोर शर्ट फुगवत म्हणायचा, "आई, मनाचे खेळ आहेत सगळे."

घरात एक कागद आणि एक म्हातारी. सगळ्यांनी कागदाची बाजू घेतली!

त्या दिवशी सुखदानं गच्चीवर कुरडया घातल्या. भर दुपारी राखण कोण करणार? "मी!" म्हटलं. कुरडया राखायच्या आणि फुकटात शेकूनही निघायचं! बाज टाकली, स्वेटर, मफलर, वरून पांढरी शाल. काय ते ऊन! जणू माहेरच भेटायला आलं. डोळ्यांवर येतं म्हणून शाल तोंडावर ओढली आणि डोळा लागला. हल्ली माझा डोळा असा लागतो की कानाशी ढोल वाजवा, मी नाही उठायची.

आता शेजारच्या गच्चीवरून दुबे भाभींनी काय पाहिलं? पांढऱ्या शालीखाली म्हातारी, भोवती कुरडया, कुरडयांवर कावळे!

"हाय राम! सुखदा! माताजी चल बसीं!"

मला जाग आली तेव्हा बाजेभोवती गल्ली जमली होती. शाल उचलायची हिंमत कोणाचीच होईना. शालीच्या कडेखालून मला नुसते पाय दिसत होते. घाईत सगळे अनवाणी आलेले, त्यामुळे तापलेल्या गच्चीवर नाचत नाचत रडून राहिले होते!

"थंडी वाजते म्हणत होत्या हो!" सुखदा हुंदके देत होती. "अन् मी कूलर लावत राहिली! एकदा तरी ऐकायला पाहिजे होतं!"

अहाहा! ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते, ते मिळालं. अशा वेळी कोणती मूर्ख बाई उठेल?

"बडी भली थीं," दुबे भाभी म्हणाल्या. "कभी किसी की बुराई नहीं की."

इथे मात्र मला हसू आवरेना. तेवढ्यात एक कावळा कुरडई पळवताना दिसला.

"हाड् मेल्या!" मी ताडकन उठून बसले.

अख्खी गल्ली एका जिन्यातून एकाच वेळी खाली गेली! उरली फक्त सुखदा. ती मटकन कुरडयांवरच बसली.

तोवर श्रीरंगला ऑफिसात फोन गेला होता. तो धापा टाकत आला आणि 'मी जिवंत आहे' हे माझं म्हणणं न ऐकता मला ओमती चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"माताजी, इतनी धूप में स्वेटर पहनकर सोई थीं? पसीना नहीं आया?"

"एक बूँद नहीं!"

डॉक्टर श्रीरंगकडे वळले. "रिपोर्ट नॉर्मल हो, तब भी कुछ मरीजों को तकलीफ रहती है. ये बहाना नहीं है. और दोबारा धूप में मत सुलाना!"

जिंकले!

संध्याकाळी घरी माझा थाट काय सांगू! कूलर बंद. खिडक्या बंद. सुखदा माझ्या पायांत मोजे चढवत होती. श्रीरंगच्या कपाळावरून घामाच्या धारा. स्वानंदी टोमॅटोसारखी लाल.

"आई, आता बरं वाटून राहिलं ना?" सुखदानं किती मायेनं विचारलं!

आणि नेमका तेव्हाच माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब ओघळला. मग दुसरा. मला चक्क उकडत होतं हो!

पण कोणत्या तोंडानं सांगू?

मफलर आणखी घट्ट केला आणि म्हटलं, "हो गं बाई, आता कसं छान वाटतं!"