निकेशच्या चिखल्या

निकेशच्या पायांना काहीही झालं नव्हतं. हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं आणि सगळी भानगड तिथेच होती.

झालं होतं ते दुसरीकडे. सिंदेवाहीजवळच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या एका गावात निकेश पावसाळाभर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं ओढायचा आणि ओल्या चड्डीतच दुपारपर्यंत बाजारात मासे विकत बसायचा. आधी लघवीच्या जागी, पुढच्या कातडीला खाज सुटली. मग कातडी लाल झाली, आग व्हायला लागली आणि मागे सरकेनाशी झाली. निकेश अंगापिंडाने दणकट, म्हणून त्याने उपायही दणकटच केले. जंतू मारणाऱ्या साबणाने सकाळ-संध्याकाळ घासलं, वर मित्राची गजकर्णाची ट्यूब चोपडली. दुखणं दुप्पट झालं आणि गडी मांड्यांमध्ये घमेलं धरल्यासारखा चालू लागला.

त्याची आई चंदाबाई. तिच्या नजरेतून ही चाल सुटते होय!

"काऊन रे असा फाकत चालून राह्यला?"

साक्षगंध तोंडावर आलं होतं. मुलगी राजुऱ्याची, नंदिनी, निकेशला मनापासून आवडलेली. अशा वेळी खरं सांगणार कोण? तोंडाला आलं ते तो बोलला. "चिखल्या झाल्या माय, पायाच्या बोटांत."

निकेशने दुसरं कोणतंही दुखणं सांगायला हवं होतं. ज्या गावाचा अर्धा जन्म चिखलात जातो, तिथे चिखल्यांवर प्रत्येकाकडे खात्रीचा उपाय असतो. बाप इस्तारीने बोटांच्या बेचक्यांत इंजिनाचं काळं तेल सोडलं. मावशीने मेहंदी थापली. दोन्ही एकत्र झाल्यावर निकेशचे पाय कोणाला ओळखू येईनात. मग लोक बिस्किटाचे पुडे घेऊन पाहायला येऊ लागले.

"दाखव बरं."

"काय दाखवू? बरं आहे आता."

"लाजून काऊन राह्यला? दाखव न बे!"

ज्याला त्याला बघायची घाई, आणि जे दाखवायला हवं ते दाखवायची सोय नाही. निकेशला वाटायचं, उठावं आणि थेट तलावात जाऊन बसावं. पण तलावानेच तर हे दिलं होतं.

शेवटी शेजारचा भैयाजी बिब्बा घेऊन आला.

"काका, बिब्बा नको. उतते तो."

"माह्या हातचा आजवर कोणाले उतला नाई," भैयाजी म्हणाला आणि गरम बिब्ब्याचं तेल त्याने दोन्ही पायांना सढळ हाताने लावलं. सकाळपर्यंत बिब्बा असा उतला की पाय फोडांनी भरून गेले. आता निकेशला वरही आग आणि खालीही आग, आणि खोटं बोललेलं दुखणं खरं होऊन बसलेलं.

ही बातमी राजुऱ्याला पोहोचायला कितीसा वेळ? नंदिनीचे वडील पत्रूभाऊ तातडीने आले. दारातून आत येताना तेही जरा जपूनच पाऊल टाकत होते, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"चंदाबाई, आमच्या इथी लोक म्हणून राह्यले, पोराच्या पायातच दोष आहे. मी पोरगी देऊन राह्यलो न बाई. डॉक्टर काय म्हणते ते मले माह्या कानानं ऐकू द्या, मंगच साक्षगंधाचं बोलू."

निकेशला आता एकच दिसत होतं: एका चड्डीच्या दुखण्यापायी सोयरीक मोडणार!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांसमोर तिघेही एकदम घुसले. डॉक्टरांनी पाय उलटेसुलटे पाहिले.

"या चिखल्या नाहीत. बिब्ब्याने भाजलंय. बोटांच्या बेचक्या तर साफ आहेत."

"मंग हा बिब्ब्याच्या पहिलेपासून फाकत काऊन चालते?" चंदाबाई म्हणाली.

निकेशने छताच्या पंख्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी निकेशकडे पाहिलं आणि ते काय ते समजले.

"तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा."

"मी माय आहे त्याची!"

"म्हणूनच."

चंदाबाई पायांच्या मलमाची चिठ्ठी घेऊन पुटपुटत औषधांच्या खिडकीकडे गेली. निकेशने एकदाचं सगळं सांगितलं, दाखवलं. डॉक्टरांनी नाकसुद्धा मुरडलं नाही.

"बुरशी आहे आणि सूज आहे. नेहमीची गोष्ट. तो साबण आणि ती ट्यूब आधी फेका, त्यानेच चिघळलंय. साध्या पाण्याने हळूच धुवायचं, कोरडं करायचं, ओले कपडे लगेच बदलायचे. कातडी जबरदस्तीने मागे ओढायची नाही. हे मलम लावा. पांढरे चट्टे आले, कातडी आवळत गेली किंवा लघवीला अडलं, तर लगेच यायचं. आणि साखर तपासून घ्या. साखर वाढली की हे पुन्हा पुन्हा होतं."

"लग्न आहे, साहेब."

"मग करा की. त्याच्या आत हे बरं होईल. पायांना मात्र वेळ लागेल."

इतके दिवस ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती मिटायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. निकेशला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आनंदात त्याने पडदा सारला, तर पडद्याला चिकटूनच पत्रूभाऊ उभे!

त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर कडुनिंबाखाली नेलं. निकेशने मनातल्या मनात नंदिनीचा निरोप घेतला.

"जावईबापू, मी समदं ऐकलं."

"मामाजी, ते... माह्यात दोष नाई हो..."

"हळू बोला न!" पत्रूभाऊंनी आजूबाजूला पाहिलं. "ते साखरेचं म्हणे, घडीघडी होते... खरं काय?"

"डॉक्टर तं तसंच म्हणे."

पत्रूभाऊ आणखी जवळ सरकले. मग खाली पाहत म्हणाले, "मलेबी चिखल्या आहेत. कवाच्या."

निकेशने त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलेतली बोटं नुकती धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"जा मामाजी," तो म्हणाला. "डॉक्टर चांगला आहे. हासत नाई."

पत्रूभाऊ पाय फाकत पुन्हा दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले. तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन चंदाबाई समोर आली.

"भाऊ, तुम्ही कुठी चालले? तुमालेबी काय झालं?"

"काई नाई बाई. जराशा चिखल्या."

"अगं माय!" चंदाबाईने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि ती तिथेच पायरीवर बसली. "काढा चप्पल. दाखवा!"