सात नंबरच्या पाळण्याचं दार

"माणसं दोरीवर वाळत घालायची आणि वर त्याला इंजिनिअरिंग म्हणायचं!" असं म्हणून वडील रोपवेच्या सात नंबरच्या पाळण्यात चढले. मागोमाग धाकटा मुलगा चढला. हा रोपवे त्यानेच उभारला होता.

सगळ्या गावाने तो येऊन पाहिला होता. राहिले होते ते फक्त वडील. धाकट्याला फार काही नको होतं. वर पोचल्यावर ते नुसतं "बरा आहे" म्हणाले असते, तरी त्याने ते फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं.

"दार आपोआप लागतं, बाबा. वर हवेत असताना कुणी उघडू म्हटलं तरी उघडत नाही. आणि एकाही पाळण्याच्या दाराला जराशी जरी फट राहिली, तर अख्खा रोपवे जागच्या जागी थांबतो. माझी कल्पना!"

"थोरला असता तर त्याने एसी बसवला असता."

थोरल्याचं पडद्यांचं दुकान होतं.

दरीच्या बरोब्बर मधोमध पाळणा गचकन थांबला. पुढचे थांबले, मागचे थांबले. वॉकीटॉकीवरून ऑपरेटर ओरडला, "साहेब, सात नंबरचं दार उघडं दाखवतंय! कोण बावळट बसलंय हो सातमध्ये?"

"मी," धाकटा म्हणाला.

वडिलांच्या मफलरचं टोक दारात सापडलं होतं. पाळणा हलत गेला तशी लोकर गोळा होत गेली आणि दाराला फट पडली. धाकट्याने ओढून पाहिलं. बाहेर लोंबणाऱ्या टोकाला गाठ होती, निघेना. दार उघडावं, तर ते हवेत उघडत नाही. कल्पना कुणाची? आता बोला!

"बाबा, मफलर कापू या."

"खबरदार! थोरल्याने दिलाय तो."

"मी नवीन आणतो."

"तू आणलेला टोचतो."

मागच्या पाळण्यात एक बाळ रडायला लागलं. त्याचं बघून पुढच्या पाळण्यात एक बाई रडायला लागल्या. वॉकीटॉकीवर आता मोठे साहेब आले. "लवकर सुरू करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

"बाबा, पाया पडतो तुमच्या. तेवढं टोक कापू द्या."

"थांब, त्याला विचारतो." वडिलांनी फोनवरचं एक नंबरचं बटण दाबलं, ते थोरल्याचं होतं. "अरे, तुझ्या भावाने मला दरीवर टांगून ठेवलंय. मफलर अडकलाय दारात."

थोरल्यासमोर गिऱ्हाईक होतं. "मग कापा ना," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

वडिलांचा चेहरा खुलला. "बघ! याला म्हणतात डोकं. काप, काप!"

कात्री कुठली असायला? धाकट्याने फरशीवर गुडघे टेकले आणि लोकर दाताने कुरतडली. टोक दरीत गेलं, दार मिटलं, पाळणे हलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वर मोठे साहेब वाटच बघत होते. "कसं काय सोडवलंत?"

धाकटा तोंडातली लोकर काढेपर्यंत वडील बोलून मोकळे झाले. "माझ्या मोठ्या मुलाने. दुकानात बसून, फोनवर!"

"तेही इंजिनिअर का?"

"छे हो, पडदे विकतो. पण अंगातच असावं लागतं ते."

"अशी माणसं हवीत हो आपल्याकडे." साहेबांनी मोबाइल काढला. "नंबर द्या बरं त्यांचा."

वडिलांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी आपला फोन धाकट्यापुढे धरला. "सांग रे साहेबांना. आणि हळू सांग, नाहीतर चुकवशील."

धाकट्याने जिभेवरचा शेवटचा धागा बोटाने काढला.

"नऊ," तो म्हणाला, "आठ..."